आबांच्या बोटीतला माल

आमच्या अमरावतीच्या घरात स्वयंपाकघरातल्या प्रत्येक फळीला पुढच्या बाजूनं एक लाकडी पट्टी ठोकलेली होती, डबे घसरून खाली पडू नयेत म्हणून. अमरावतीत घरं डुलत नाहीत. आमचं तर चांगलं सिमेंटचं, बाबांची वकिली जमल्यावर नव्या वसाहतीत बांधलेलं होतं. पण माझे आजोबा, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, महायुद्धाच्या काळात काही वर्षं आरमाराच्या बोटीवर होते, आणि जी वस्तू बांधलेली नाही ती पडलेलीच समजायची हा त्यांचा सिद्धांत होता. त्यामुळे पिठाचा डबा पट्टीच्या आत, ट्रंका पलंगाच्या पायाला बांधलेल्या आणि उखळाखाली पाचरी ठोकलेल्या. घराच्या पुढच्या भागाला ते आगील म्हणायचे, मागच्याला पिछील. सकाळी आंबाडीच्या भाजीची परात घेऊन ते पिछीलला बसायचे आणि देठ खुडल्याचा कट कट आवाज मला अंथरुणात ऐकू यायचा. फळीवरचा डबा काढताना आईच्या बोटांची पेरं रोज त्या पट्टीवर आपटायची. ती अकोल्याची, धान्यबाजाराजवळच्या घरातली, तोंडानं फटकळ. "युद्ध संपून इतकी वर्षं झाली, पण बोट अजून माझ्याच ओट्याला लागलेली आहे," असं ती शेजारणींना सांगायची. तरी पट्ट्या काढा असं मात्र तिनं कधी म्हटलं नाही. घरातली कोठी आबा सांभाळायचे, आणि त्यांच्या कोठीत तुरीच्या डाळीला कधी कीड लागली नाही, तिखटाला कधी जाळी धरली नाही, आणि पावसाळ्यात ज्वारी कधी ओली झाली नाही. सून म्हणून तिला याची किंमत कळत होती.

आमच्या गल्लीत प्रत्येक घराला एक थोर माणूस असायचा. समोरच्या प्राध्यापकांचे वडील तुरुंगात जाऊन आलेले होते. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या काकांनी एका फार मोठ्या पुढाऱ्याला बडनेऱ्याच्या फलाटावर स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं होतं, आणि तो तांब्या त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवलेला होता. आमच्याकडे बोट होती. तिचं खरं नाव कुठल्याशा इंग्रजी परगण्याचं, कोणाला नीट उच्चारता न येणारं, म्हणून बाबा तिला नुसतं 'युद्धनौका' म्हणायचे. मी चौथीत असताना या युद्धनौकेनं शत्रूची एक पाणबुडी बुडवली होती. मी मॅट्रिकला गेले तोवर पाणबुड्या दोन झाल्या होत्या, आणि तिसरी जखमी होऊन पळाली होती. कथा सांगणाऱ्यांपैकी आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे कथेला पाण्याची अडचण अशी कधी आली नाही. ती सुरू झाली की आबा उठून आत तांदूळ निवडायला जायचे. पाहुणे म्हणायचे, किती निगर्वी माणूस.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा असायची. वकिलाच्या घरातली शस्त्रं म्हणजे फाउंटनपेन, कायद्याची जाडजूड पुस्तकं, विळी आणि आईची कात्री. पण पाटावर मधोमध मान असायचा तो एका लोखंडी आकड्याला. वीतभर लांबीचा, टोकदार, लाकडी मुठीचा. तो आबांनी बोटीवरून परत येताना आणला होता. शत्रूच्या जहाजावर चढून जाताना वापरायचं हे हत्यार आहे, असं बाबा सांगायचे, आणि हे सांगताना त्यांचा आवाज कोर्टातला व्हायचा. मी स्वतः त्याला दहा-अकरा वर्षं हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली, आणि मैत्रिणींना लांबूनच दाखवलं, कारण त्याला विष लावलेलं असावं असं माझं मत होतं.

मी अकरावीत होते त्या दिवाळीत सुट्टीला अकोल्याला मामाकडे गेले. मामाचा छापखाना बाजाराला लागून होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांची कॅलेंडरं, सगळं तिथे छापायचे, आणि दिवसभर यंत्राच्या खडखडाटात पलीकडून पोती आदळल्याचे धप धप आवाज मिसळायचे. एका सकाळी मी बाजारातून चालले होते. ट्रकमधून ज्वारी उतरत होती, आणि उतरवणाऱ्या प्रत्येक हमालाच्या हातात आमच्या पाटावरचं हत्यार होतं. तीच वीत, तीच मूठ. मी थांबून एका वयस्क हमालाला विचारलं, की काका, हे कुठून आणलं.

"कुठून म्हंजे? लोहाराकडून."

मी विचारलं, याला म्हणतात काय.

"आकडा. पोत्यात खुपसाचा आन् ओढाचं. काहून, तुमच्या घरी पोतं नाई येत काय?"

मी म्हटलं, येतं, पण आम्ही याची पूजा करतो. त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मी थट्टा करते आहे की काय याचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "आकड्याची करता तं चांगलं हाय. आकडेवाल्याची कोणी करत नाई." मग पोतं पाठीवर घेऊन निघून गेला.

मामाला सांगितलं तर तो हसता हसता टाइपांच्या पेटीवरच बसला. म्हणाला, तुझ्या आईला हे लग्नाच्या पहिल्या दसऱ्यापासून माहीत आहे. मी अमरावतीला परत आल्यावर आईला जाब विचारला. ती पोळ्या लाटत होती. "मला कोणी विचारलं नाही," ती म्हणाली. "आणि वर्षातून एकदा त्या आकड्यावरचा गंज निघतो, ते काय वाईट आहे?"

मग मी आबांकडे गेले. ते पिछीलला बसून तूर पाखडत होते. आबा बाहेर लोकांशी नीट छापील बोलायचे, पण माझ्याशी त्यांची भाषा गावाकडची असायची. मी सरळ विचारलं, की तुम्ही बोटीवर नेमकं काय करत होता. त्यांनी सूप खाली ठेवलं. पुढची तासभराची हकीकत त्यांनी मला जशी सांगितली तशी ती याआधी घरात कोणाला सांगितली नव्हती, कारण आईच्या भाषेत, कोणी विचारलंच नव्हतं.

बोट लढाऊ नव्हती. ती मालवाहू बोट होती, युद्ध लागल्यावर आरमारानं ताब्यात घेतलेली, आणि आबा तिच्यावर भंडारी होते, म्हणजे कोठी सांभाळणारे. बोटीतून परदेशातल्या हिंदी पलटणींना शिधा जायचा. डाळ, कणीक, तूप, मसाला. आणि जिवंत बकऱ्या. प्रत्येक पलटणीची बकरी कापायची रीत वेगळी, दुसऱ्यानं कापलेलं कोणी खाईना, त्यामुळे मटण चार पायांवर पाठवावं लागे. आता या बकऱ्या सांभाळायच्या कोणी? पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना बंदरात चढलेल्या आणि बंदरात उतरलेल्या बकऱ्यांचा मेळ बसेना. वाटेत खलाशांची चंगळ व्हायची. गोरा कप्तान हुशार होता. त्यानं सगळ्यांना डेकवर उभं केलं आणि विचारलं, की तुमच्यात बकरी कोण खात नाही. आबांनी एकट्यानं हात वर केला. भिक्षुकाच्या घरातला मुलगा, वकिलीच्या पहिल्या परीक्षेत नापास झाला म्हणून घरी तोंड दाखवायला नको, एवढ्याच कारणानं भरती झालेला. तेव्हापासून बकऱ्या त्याच्या. तूपही त्याच्याच ताब्यात होतं, आणि ते अधूनमधून कमी भरायचं हे आबांनी मोकळेपणानं कबूल केलं.

"पुढं त्याईचं काय होणार, हे मले माहीत होतं, पोरी," ते म्हणाले. "पण ते पुढचं. बोटीवर होत्या तोवर माह्या होत्या."

मग पाणबुडी कुठून आली? ती आली त्यांच्या थोरल्या भावाकडून. थोरले भाऊ पौरोहित्य करायचे. समुद्र ओलांडून आलेल्या धाकट्या भावाला घरात घ्यायचं तर प्रायश्चित्त हवं. पंचगव्य झालं, जानवं बदललं, होम झाला. पण पंक्तीला बसवण्याआधी त्यांनी विचारलं, की तिथे लढलास का. लढला असेल तर शास्त्रात वाट होती, युद्ध हे कर्तव्य आहे. बकऱ्या राखल्या असतील तर त्याला पोथीत कुठेच काही नव्हतं. आबा तीन दिवसांचा आगगाडीचा प्रवास करून आले होते, भूक लागली होती, आत वरणाला फोडणी पडल्याचा आवाज येत होता. त्यांनी 'हो' म्हटलं. माझे आजोबा आयुष्यात एकच खोटं बोलले, आणि तेही एका अक्षराचं. बाकी सगळं इतरांनी रचलं.

"पंचाहत्तरीचा झालो आता," ते सूप पुन्हा हातात घेत म्हणाले. "मेल्यावर तुझा बाप पाणबुड्या लिहीन पेपरात. एक डाव कोणीतरी खरं लिहून ठेवावं, मी काय नेलं आन् कसं नेलं. बस, एवढंच वाटते मले."

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की ते किती वर्षांचं साचलेलं आहे हे मला तेव्हा समजलं नाही. सोळाव्या वर्षी मला फक्त एवढंच समजलं, की माझ्याकडे एक काम आलं आहे. मला कामं आवडायची. अजूनही आवडतात.

नेमक्या त्याच हिवाळ्यात बाबांना शहरातल्या एका शिक्षण संस्थेच्या कार्यकारिणीवर जायचं होतं. जागा एक, इच्छुक चार. बाकी तिघांपैकी एकाकडे जमीन होती, एकाकडे जात होती, आणि एकाकडे संस्थेच्या अध्यक्षांची भाची होती. बाबांकडे फक्त आबा होते. म्हणून आबांचा अमृतमहोत्सव ठरला. रविवारी सकाळी हॉलमध्ये जाहीर सत्कार, शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि अध्यक्षस्थानी अर्थातच संस्थेचे अध्यक्ष. मानपत्राला वजन यावं म्हणून बाबांनी मुंबईला आरमाराच्या कचेरीत लेटरहेडवर पत्र लिहून त्या बोटीच्या सेवेचा संपूर्ण इतिहास मागवला. त्यांना स्वतःच्या कथेबद्दल इतकी खात्री होती, हे मला आजही थोर वाटतं. खोटं रचणारा माणूस पुरावा मागवत नाही. बाबांनी ते रचलं नव्हतं, त्यांना ते वडिलोपार्जित मिळालं होतं.

दोन महिन्यांनी जाड पाकीट आलं. आम्ही जेवायला बसलो होतो, भाकरी आणि पातोडीचा रस्सा होता हे मला पक्कं आठवतं, कारण बाबांचा रस्सा त्या दिवशी ताटातच गार झाला. त्यांनी कागद वाचले, उलटे करून मागे काही आहे का पाहिलं, आणि भाषांतर कर म्हणून माझ्याकडे सरकवले. मराठीत ते थोडं सुधारेल अशी त्यांना आशा असावी.

मी त्यानंतर बरेच गौरवग्रंथ वाचले, दोन-तीन तर लिहूनही दिले. पण त्या चक्रमुद्रित कागदांइतकं सरळ चरित्र मी दुसरं पाहिलं नाही. बोट अमुक बंदराला लागली. शिधा चढवला. जनावरं चढवली. इंजिन बिघडलं. इंजिन दुरुस्त होईपर्यंत बंदरात. धक्क्याला धडक, नुकसान किरकोळ. जनावरं उतरवली. बुटांची खोकी चढवली. इंजिन बिघडलं. पुन्हा त्याच धक्क्याला धडक. बोटीच्या मागच्या टोकाला एक तोफ होती, ती संपूर्ण युद्धात एकदाच उडवली गेली, सरावासाठी. त्या हादऱ्यानं कप्तानाच्या कपबशा फुटल्याची नोंद आहे. शत्रूचं काही फुटल्याची नाही. मी एकेक ओळ मराठीत वाचत गेले आणि आई मान खाली घालून भाकरी मोडत राहिली. तिचे खांदे हलत होते.

दुसऱ्या पानाच्या शेवटी एक नोंद होती. वादळात सुकाणू अडकलं, बोट तीन दिवस भरकटली, उशिरा बंदराला लागली. पुढे दोनच शब्द. माल शाबूत.

"पुन्हा वाच," आबा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. त्यांनी हात धुतले, येऊन माझ्या खांद्यावरून चष्म्याशिवायच त्या इंग्रजी ओळीकडे पाहिलं आणि तिच्यावर बोट ठेवून विचारलं, की हीच का. मी हो म्हटलं. मग बाबांना म्हणाले, की मानपत्रात हे घे. बाबा म्हणाले, की आबा, मानपत्रात बकऱ्या येत नाहीत. आबा म्हणाले, मग मानपत्र नको. घरात आवाज चढवायची पद्धत नव्हती, त्यामुळे हे भांडण चार दिवस अत्यंत सभ्यपणे चाललं. बाबांनी पत्रिका छापल्याचं सांगितलं, अध्यक्षांनी वेळ दिल्याचं सांगितलं, थोरल्या काकांच्या, म्हणजे आबांच्या भावाच्या, घरची भिक्षुक मंडळी पहिल्या रांगेत बसणार असल्याचं सांगितलं. आबांनी कोठीत जाऊन आतून कडी लावली आणि जेवायला बाहेर येईनात. कोठीतच सगळं होतं म्हणा, शेंगदाणे, गूळ, पोहे, त्यामुळे उपासमारीची भीती नव्हती. पण कोठी बंद म्हणजे आईचा स्वयंपाक बंद, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा बाहेरचा गिला वडा खाल्ल्यावर बाबा नरमले. तोड निघाली ती अशी. मसुदा मी लिहायचा, आबांनी सांगितलं तसा, बकऱ्यांसकट. बाबा फक्त भाषा बघणार. मग तो अकोल्याला मामाकडे छपाईला जाणार. आबांनी कडी काढली.

मी तीन संध्याकाळी बसून लिहिलं. सगळं लिहिलं, वादळ, सुकाणू, बोटीच्या तळाचा अंधार, बकऱ्या. आबांनी ऐकलं आणि एका जागी 'पाला' होतं तिथे 'वाळला चारा' करायला लावलं, कारण समुद्रात हिरवा पाला कुठून येणार. मग कागद बाबांकडे गेले.

इथे बाबांच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. बाबांकडे दाव्यांचे पाच-सहा जुने नमुने होते. नवा पक्षकार आला की त्यातला जवळचा काढायचा, नावं बदलायची आणि टाइपिस्टला द्यायचा. बाकीच्या मजकुराला हात लावायचा नाही, कारण तो एकदा कोर्टात टिकलेला असतो. अमरावतीचे निम्मे वकील असंच करायचे. एकदा एका ब्रह्मचारी माणसाच्या दाव्यात त्यामुळे पत्नी आणि दोन अज्ञान मुलं राहून गेली होती, आणि समोरच्या वकिलालाही ते शेवटपर्यंत लक्षात आलं नाही, कारण तोही तसाच वाचायचा. माझा मसुदा त्यांनी याच पद्धतीनं तपासला. भाषा त्यांना आवडली. त्यांनी फक्त एक शब्द बदलला, जिथे जिथे आला तिथे तिथे. मामाचा नियम होता, की छापखान्यात स्वतःची अक्कल चालवायची नाही. त्यानं आलं तसं छापलं, सोनेरी किनार लावली आणि चौकटीत बसवून कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी थेट हॉलवर आणलं.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत भिक्षुक मंडळी, दुसऱ्या रांगेत वकील, मग गल्ली, मागे आम्ही मुली. आबांना फेटा बांधला होता. अध्यक्षांनी चष्मा लावला आणि मानपत्र वाचायला घेतलं. पहिला परिच्छेद जन्म आणि शिक्षणाचा होता. दुसऱ्यात वादळ आलं, आणि मी खुर्चीच्या कडेला सरकले. अध्यक्षांचा आवाज चांगला होता, ते नाटकात काम केलेले होते.

"बोट भरकटली, तेव्हा तळाच्या अंधारात भेदरून एकमेकांना चिकटून बसलेल्या शेकडो जवानांना आबांनी धीर दिला. एकेका जवानाच्या पाठीवरून हात फिरवत, त्याला गळ्याखाली खाजवत, ते तीन दिवस त्यांच्यातच बसून राहिले. जे जवान खाईनात त्यांच्या तोंडात त्यांनी स्वतःच्या हातानं वाळला चारा घातला. बंदरात उतरल्यावर गोऱ्या अधिकाऱ्यानं प्रत्येक जवान मोजून घेतला, त्याचे दात पाहिले, आणि एकही जवान कमी भरला नाही याबद्दल समाधान व्यक्त केलं."

मी हसेन म्हणून पदर, म्हणजे ओढणी, तोंडात धरली होती. पण हॉलमध्ये कोणीच हसलं नाही. चाऱ्याशी अध्यक्षांचा आवाज भरून आला. पहिल्या रांगेतल्या एका गुरुजींनी उपरण्यानं डोळे टिपले. माझ्या शेजारची डॉक्टरीणबाई हळूच म्हणाली, की बिचाऱ्यांना चारा खावा लागला, काय दिवस असतील. मी बाबांकडे पाहिलं. ते व्यासपीठावर ताठ बसले होते, कान लाल झालेले. वाचन सुरू झाल्यावरच त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि आता ते पुढच्या प्रत्येक ओळीची वाट पाहत होते.

आबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. फक्त आभार मानायचे असं ठरलेलं होतं. ते उठले, माईक थोडा खाली ओढला आणि जमलेल्या सगळ्यांचे आभार मानले. पण खाली बसले नाहीत. "आता वाचलं त्यात एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "ते जवान नव्हते. बकऱ्या होत्या."

आधी अध्यक्ष मोठ्यानं हसले, आणि अध्यक्ष हसले म्हणून वकील हसले, आणि वकील हसले म्हणून हॉल. टाळ्या पडल्या. आबांनी हात वर करून पुन्हा सांगितलं, की मी खरं सांगतो आहे, चार पायांच्या बकऱ्या. टाळ्या वाढल्या. अध्यक्षांनी माईक स्वतःकडे घेतला आणि सांगितलं, की असा विनोद, असा निगर्वीपणा, ज्यानं मृत्यू जवळून पाहिला त्यालाच साधतो, आपल्या लाडक्या सैनिकांना हा माणूस प्रेमानं बकऱ्या म्हणतो, यातच सगळं आलं. हॉल उभा राहिला. खरं बोलणाऱ्या माणसाला इतक्या टाळ्या पडलेल्या मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत. आबा खाली बसले. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि समोरच्या फुलदाणीकडे पाहत राहिले. आभारप्रदर्शन झालं तेव्हाही ते तिकडेच पाहत होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं ते एक अक्षर आता त्यांनाही परत घेता येणार नव्हतं.

आज मी वरूडला संत्र्यांचं पॅकिंग बघते. बागेतून आलेलं फळ निवडायचं, खोक्यात पेंढा घालून भरायचं, ट्रकमध्ये असं रचायचं की हजार मैलांवर उघडल्यावर खालच्या थरातलं संत्रंही दबलेलं नसावं. यात शौर्य काही नाही आणि कोणी शाल देत नाही. पण वरच्या थराचं सगळे कौतुक करतात आणि खालचा थर कसा टिकला हे कोणी विचारत नाही, हे मला रोज दिसतं. त्या दिवशी हॉलमध्ये मला हे माहीत नव्हतं. मला फक्त बाबांचा राग आला होता, आणि आबांच्या डोळ्यांना डोळा देता येत नव्हता.

मंडळी गिला वडा आणि चहा घेऊन पांगली. अध्यक्षांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली, आणि पुढच्याच बैठकीत ती जागा बाबांना मिळाली. हॉलमध्ये आबा आणि मी उरलो. मांडव आणि खुर्च्यांचं काम वलगावच्या उत्तमरावांकडे होतं. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल बांधलेला माणूस. दुपारी दुसरीकडे लग्न होतं म्हणून तो घाईनं लोखंडी खुर्च्या मिटून, मोजून, चळती लावत होता. लावता लावता तो व्यासपीठाच्या पायरीशी आला आणि थांबला.

"बाबाजी, एक विचारू? बकऱ्या खरंच होत्या ना?"

"होत्या," आबा म्हणाले, फुलदाणीकडेच पाहत.

"मले तेच वाटलं. गळ्याखाली खाजवत म्हटलं, तवाच मी म्हटलं हे माणसाचं नोय. मंग बोट हालत असन तं त्या पानी कशा पेत होत्या? बादली नाई लवंडे?"

आबांनी मान वळवली. त्या माणसाकडे त्यांनी नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बादली खाली ठेवाचीच नाई," ते म्हणाले. "वरून टांगाची. बोट हालते, बादली सरळ राह्यते. बकरी दोन दिवसांत शिकते."

"आन् ओकत नव्हत्या?"

"बकरी ओकत नाई. खाणं सोडते. मंग गुळाचं पाणी, चिमूटभर मीठ, आन् जवळ बसाचं. तुझ्याकडं हायेत काय?"

"पंधरा हायेत. पान्याच्या दिवसात सर्दीनं मरतात लेकाच्या."

"ओल्यात काहून बांधतो? खाली फळ्या टाक. आमी जाळीच्या फळ्या टाकत होतो, लेंडी खाली, बकरी वर."

उत्तमरावांनी हातातली खुर्ची खाली ठेवली, ती उघडली आणि आबांसाठी पुढे सरकवली. स्वतः पायरीवर बसले. आबा व्यासपीठावरून उतरले. मग फळ्यांत किती अंतर ठेवायचं, वादळात शिंगं दोरीला अडकू नयेत म्हणून काय करायचं, बोकड वेगळा का बांधायचा, हे सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. उत्तमराव मध्ये मध्ये अडवत होते, हे आमच्याकडं नाई जमणार म्हणत होते, आणि आबा त्यांना बह्याड, म्हणजे वेडा, म्हणून पुन्हा समजावत होते. आमच्या घरात कोणाला आबा असं बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

ऑटो कधीची बाहेर उभी होती. शेवटी बाबा आत आले. एका हातात शाल आणि नारळ, दुसऱ्या काखेत चौकटीतलं मानपत्र. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, की आबा, निघू या, लोक घरी येतील.

"थांबा ना वकीलसाहेब," उत्तमराव मान न वळवता म्हणाले. "बाबाजी सांगून राहिले."

बाबांना मांडववाल्यानं थांबा म्हणायची सवय नव्हती. ते तसेच उभे राहिले. आबा तेव्हा त्या तीन दिवसांचं सांगत होते. तळात पाणी शिरलं होतं, ते बकऱ्यांच्या मध्ये कमरेला दोर बांधून बसले होते, आणि अंधारात एकेकीचे कान चाचपून मोजत होते. त्यांनी एकदाही बाबांकडे पाहिलं नाही. बाबांनी मानपत्र भिंतीला टेकवून ठेवलं, नारळ त्यावर, मग चळतीतली वरची खुर्ची काढली, उघडली आणि बसले.

"साहेब, ते मोजून झाली हाय," उत्तमराव म्हणाले.

बाबा उठले नाहीत.